विहिरीचे पाणी रंग बदलते तेव्हा

पावसाळा लागला की नागपूरच्या जुन्या मोहल्ल्यांतून आमच्याकडे एकच प्रश्न येतो : विहिरीचे पाणी पिवळट येते आहे, काय टाकावे? घरोघरी नळ आले, पेंचचे पाणी आले, तरी पुष्कळ अंगणांत विहीर अजून आहे. कपडे, भांडी, अंघोळ, वुजू आणि नळ गेला त्या दिवशी पिणेसुद्धा तिच्यावरच असते. आमचे सांगणे असे की काही टाकण्याआधी रंग कशाचा आहे ते ओळखावे. चुकीच्या औषधाने पाणी आणखी बिघडते.

काचेचे दोन स्वच्छ ग्लास घ्या. एक बादलीने थेट विहिरीतून भरा, दुसरा मोटारीवरच्या नळातून. बादलीचे पाणी स्वच्छ आणि नळाचे तांबूस असेल तर दोष विहिरीचा नाही. गंजलेला पाइप किंवा टाकी बदला. दोन्ही रंगीत असतील तर ग्लास रात्रभर तसेच ठेवा.

सकाळी तळाशी माती बसली आणि वर पाणी निवळले, तर पावसाचे पाणी काठावरून किंवा बांधकामाच्या फटींतून आत शिरते आहे. काढताना पाणी स्वच्छ होते आणि तासाभराने पिवळे-तांबडे झाले, तर ते लोह आहे. हवा लागली की विरघळलेले लोह गंजासारखे वेगळे होते. अशा पाण्याचा चहा काळा पडतो, पांढऱ्या कपड्यांवर डाग राहतात. काळपट डाग पडत असतील तर मँगनीज असू शकते. आपल्या जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगाव येथे त्याच्या खाणीच आहेत. हिरवा रंग शेवाळाचा, म्हणजे उघड्या विहिरीवर पडणाऱ्या उन्हाचा. आणि काळ्या पाण्याला सडका वास असेल तर गटार किंवा सेप्टिक टँक झिरपत असल्याचा संशय धरून पिणे त्याच दिवशी बंद करावे.

आता उपाय. लोहाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली की ते अधिकच तांबडे होते आणि घरचे लोक घाबरतात. त्या पाण्याला हवा द्यावी : उंचावरून टाकीत पडू द्यावे, रात्रभर स्थिर ठेवावे, वरचे पाणी वाळूच्या थरातून गाळून घ्यावे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लोह लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे.

मातीच्या पाण्यात तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, पण जंतू मरत नाहीत. तिथे खरे काम गवंड्याचे आहे. विहिरीचा कठडा ७० ते ७५ सेंटिमीटर उंच हवा, भोवती निदान १ मीटर रुंद सिमेंटचा ओटा हवा, सांडपाणी दूर नेणारी नाली हवी आणि वर झाकण हवे. गाळ उपसायचा तर उन्हाळ्यात, माहितगार माणसांकडून. घरच्या मुलाला दोर बांधून खाली उतरवू नका. तळाशी कोंडलेल्या हवेने जीव जातो.

पाणी निवळल्यावर ब्लीचिंग. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास २ मीटर आणि पाणी ३ मीटर खोल असेल, तर पाणी सुमारे ९,४०० लिटर झाले. दर १,००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे साधारण २४ ग्रॅम. बादलीत तिची पातळ पेस्ट करून पाणी घाला, ढवळा, दहा मिनिटे थांबा. चुन्यासारखा गाळ फेकून वरचे पाणीच विहिरीत सोडा आणि बादलीने चांगले हलवा. हे काम रात्री करावे, पाणी निदान तासभर काढू नये.

रोज हे जमत नसेल, तर आपल्याच शहरातल्या नीरी या संस्थेने घरगुती विहिरींसाठी दोन मडक्यांची युक्ती दिली आहे. एकात एक बसणारी दोन भोके पाडलेली मडकी, आतल्यात १ किलो ब्लीचिंग आणि २ किलो जाडी वाळू ओली करून भरलेली, तोंड प्लास्टिकने बांधलेले. दोराने ती पाण्याखाली १ मीटर सोडली की सुमारे ४,५०० लिटरच्या विहिरीत दोन-तीन आठवडे क्लोरीन हळूहळू सुटत राहते.

घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, “पानी पाक है, पिने में क्या हर्ज?” इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. माती, पाने, शेवाळ यांनी रंग बदलला तरी पाणी पाक राहते, वुजू होतो. घाण मिसळून रंग, वास किंवा चव बदलली तर ते नापाक. पण पाक असलेले प्रत्येक पाणी पिण्याजोगे असतेच असे नाही. कावीळ आणि विषमज्वराचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. नायट्रेटला रंग नाही, वास नाही आणि उकळल्याने ते जातही नाही. गरोदर बाईला दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ जिवावर बेतू शकते. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी जास्त नायट्रेटचे पाणी धोक्याचे असते.

म्हणून पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही सोय आहे. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लागते, ती प्रयोगशाळेतूनच मागून घ्या. अहवाल येईपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळावे.

विहिरीपासून संडास किंवा सेप्टिक टँक १५ मीटरच्या आत असेल आणि दाट वस्तीत तो हलवणे शक्य नसेल, तर ती विहीर धुण्यापुरतीच ठेवावी आणि शेजाऱ्यांनाही तसे स्पष्ट सांगावे. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिन्यातली रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हे आपण मुलांना अभिमानाने शिकवतो. आपल्या विहिरीवर शेजारची बाई कळशी घेऊन आली, तर तिला पाणी देणे जसे सवाबाचे, तसेच ते पाणी कसे आहे हे तिला खरे सांगणेही आपल्यावर आहे.