फुगलेली फळी आणि हमीपत्र

आंबोलीत पावसाळा स्थिरावला की घरोघरची कपाटे लागेनाशी होतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि धुके तर घरात मुक्कामालाच येते. लाकूड हवेतील ओल शोषते, धाग्यांच्या आडव्या अंगाने फुगते व उन्हाळ्यात पुन्हा आकसते. सुताराला हे ठाऊक असते; म्हणून तो दाराच्या चौकटीतील फळी खाचेत किंचित सैल सोडतो, आणि दार अडलेच तर रंधा फिरवून मोकळे करतो. दुरुस्तीची सोय अशा वस्तूच्या घडणीतच असते.

अलीकडे दुकानांतून येणाऱ्या पुष्कळशा कपाटांची गोष्ट निराळी आहे. वरून गुळगुळीत पापुद्रा, आत लाकडाच्या चिपा व भुसा सरसाने दाबून केलेली फळी. हा सरस बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो व तो ओलीपुढे टिकत नाही. एकदा फुगलेली फळी सुकली तरी पूर्ववत होत नाही. बिजागरीचा स्क्रू तिच्यात पुन्हा पकड घेत नाही. बोलावलेला सुतार हात टेकतो. कपाटात पुस्तके व मुलांची प्रमाणपत्रे ठेवणाऱ्या शिक्षकाचे कित्येक महिन्यांचे हप्ते दोन पावसाळ्यांत पाण्यात जातात.

ही फळी वाईटच असते असे नव्हे. कोरड्या हवेच्या शहरात ती वर्षानुवर्षे टिकते, स्वस्तही पडते. आक्षेप आहे तो विक्रेत्याच्या मौनाला. गिऱ्हाईक घाटमाथ्यावरचे आहे हे पत्ता लिहून घेतानाच कळलेले असते. तरीही माल मुकाट्याने टेम्पोत चढतो, आणि तक्रार आली की हमीपत्रातील बारीक अक्षरांतील कलम पुढे होते: ओलाव्याने झालेले नुकसान हमीत बसत नाही. आंबोलीत ओलावा वगळून उरलेली हमी ती कसली?

कायदा अगदीच दुबळा आहे असे म्हणता येणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे, तसेच सदोष माल बिलातील मुदतीत, मुदत नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे बिलावरील वाक्य सदोष मालाच्या बाबतीत ढाल होऊ शकत नाही. ग्राहकाला आपल्या जिल्ह्यातच दाद मागता येते. परंतु काही हजारांच्या कपाटासाठी तारखांना जायचे तर कारकुनाची किरकोळ रजाच संपायची! शिवाय केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेतीअवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांचा प्राधान्याने विचार झाला. लाकडी सामानाचे नाव त्या यादीत नव्हते.

गावचा सुतारही सर्वस्वी निर्दोष नाही. ओला फणस ‘सुकलेला आहे’ म्हणून खपवणारे हात आणि दिवाळीचा वायदा शिमग्यापर्यंत लांबवणारी जीभ कोकणाला अपरिचित नाही. फरक इतकाच की तो गावातच भेटतो. लाकडी खेळण्यांमुळे नावाजलेली सावंतवाडी आंबोलीपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. कसबी हातांची वाण तेथे नाही. विक्रेत्यांनी अशा कारागिरांना ठरलेल्या दरात दुरुस्तीचे काम द्यावे आणि बिलावर तीन गोष्टी लिहाव्यात: फळी कशाची आहे, ती दमट हवेत चालेल की नाही, आणि मोडल्यास कोण दुरुस्त करील. बिलावर एवढे लिहायला जागा असते. तेथे सध्या दुकानदाराच्या शाखांची नावे छापलेली असतात.