महासंगणक आला, आज्ञावलीचे काय?

कोडोली (जि. कोल्हापूर) - चांदोली धरणातून किती पाणी सुटणार, याकडे पावसाळ्यात कोडोलीसह सारा वारणाकाठ डोळे लावून असतो. अंदाज काही तास आधी हाती येण्याचे मोल २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कोल्हापूर-सांगलीला दाखवून दिले. या अंदाजाचे गणित पुण्यात मांडले जाते. तेथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा 'अर्का' महासंगणक २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झाला. २०२५ मध्ये त्यावर सहा किलोमीटरच्या चौकटीचे 'भारत फोरकास्ट सिस्टीम' हे प्रारूप सुरू झाले.

पूर्वीची चौकट बारा किलोमीटरची होती. घाटमाथा आणि पायथ्याचे शिवार यांतील फरक तीत पुसट होई. मात्र चौकट निम्मी केली, की चौकटींची संख्या चौपट होते आणि वेळेचे टप्पेही दुप्पट घ्यावे लागतात. म्हणजे आकडेमोड सुमारे आठपट! ती हजारो प्रोसेसरांना वाटून द्यावी लागते.

खरी मेख या वाटणीत आहे. आधीच्या उत्तरावर पुढची पायरी अवलंबून असेल, तर काम तोडता येत नाही. शंका आली की कम्पायलर सावध पवित्रा घेतो आणि आज्ञा एकामागून एकच चालवतो. त्यामुळे कोणी काय करायचे आणि शेजाऱ्याला काय कळवायचे, हे प्रोग्रामरलाच लिहावे लागते. त्यासाठी १९५७ ची फोरट्रान आणि १९९४ चे 'एमपीआय' हे संदेशवहनाचे मानक आजही वापरात आहे.

हे ओझे हलके करण्यासाठी अमेरिकेने २००२ मध्ये नव्या भाषांचा कार्यक्रम हाती घेतला. त्यातील 'फोर्ट्रेस'चे काम २०१२ मध्ये थांबले; 'चॅपल' टिकली. परंतु लाखो ओळींच्या जुन्या आज्ञावल्या नव्याने लिहिणे सोपे नाही.

डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या 'सी-डॅक'ने १९९१ मध्ये 'परम ८०००' साकारला, तेव्हा त्याच्यासाठी 'पारस' ही आज्ञावली-प्रणालीही घडवली होती. २०१५ च्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेसाठी साडेचार हजार कोटी रुपये मंजूर झाले. यंत्र काही वर्षांत जुने होते, आज्ञावली मात्र दशके चालते. म्हणूनच समांतर आज्ञावली लिहिणारे हात घडवण्यावर यंत्रांइतकाच खर्च व्हायला हवा. कोडोलीलगतच्या वारणानगरात अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. वारणेच्या पुराचे गणित सोडवणारे हात वारणाकाठीच तयार झाले, तर त्याहून समर्पक ते काय?