‘आपण सगळे एक कुटुंब’

दुकानांच्या एका साखळी कंपनीच्या मुख्य कचेरीत मी नऊ वर्षं हिशेबाचं काम केलं. रुजू झालो तेव्हा कंपनीची चार दुकानं होती. मालक दुपारी आमच्याबरोबर डबा खायला बसत, कुणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं याची चौकशी करत आणि म्हणत, ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत.’ तेव्हा ते खरंही होतं. मी नोकरी सोडली तेव्हा दुकानं साठावर गेली होती. वाक्य तेच होतं; आता ते फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं.

कंपनी झपाट्यानं वाढते तेव्हा आत काय होतं, हे बाहेरून दिसत नाही. किरकोळ विक्रीच्या धंद्यात शंभर रुपयांच्या विक्रीमागे हाती उरतात ते थोडे. जागेचं भाडं, वीज आणि कर्जाचं व्याज काही कमी होत नाही. पैसा घालणाऱ्यांना मात्र दर तिमाहीला नवी दुकानं हवी असतात. मग ताण पडतो तो माणसांवर. जुन्या दुकानातले अनुभवी लोक उचलून नव्या दुकानात पाठवायचे आणि मागे बाराजणांचं काम आठजणांनी ओढायचं. काल काउंटरवर बिलं करणारा मुलगा आज मॅनेजर होतो. त्याला माल कळतो. माणसं सांभाळायला कुणी शिकवलेलं नसतं. वरचा त्याच्यावर ओरडतो, तो खालच्यावर ओरडतो. हळूहळू ओरडणं म्हणजेच काम, असं सगळ्यांना वाटू लागतं.

आमच्याकडे सोमवारी सकाळी बैठक असे. ज्या दुकानाची विक्री सर्वांत कमी, त्याच्या मॅनेजरनं उभं राहायचं. बैठक संपेपर्यंत उभंच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी मान शरमेनं खाली गेली. वर्षभरानं मी कागदातून डोकं वर काढेनासा झालो. संध्याकाळी वेळेवर निघालं की ‘आज हाफ डे का?’ असा टोमणा ठरलेला. रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर आकडे मागितले जात आणि ज्याचं उत्तर आलं नाही त्याचं नाव सकाळी पुकारलं जाई.

पण मी इथे दुसऱ्यांच्या तक्रारी सांगायला बसलेलो नाही. दुकानात माल कमी भरला की ती तूट तिथल्या सगळ्यांच्या पगारात वाटून कापायची, असा दंडक होता. तो तक्ता मी तयार करत असे. एकदा काउंटरवरच्या एका मुलीचा फोन आला. ‘सर, त्या आठवड्यात बहिणीच्या लग्नासाठी मी रजेवर होते. माझे आठशे रुपये का कापले?’ मी घाईत होतो. म्हणालो, ‘सगळ्यांचेच कापलेत. आपण एक कुटुंब आहोत ना?’ ती ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला.

ते ‘बरं’ अजून माझ्या कानात आहे.

वेतनाचा कायदा मला ठाऊक नव्हता असं नाही. १९३६ चा तो कायदा सांगत असे की, ज्याच्या ताब्यात माल दिला होता त्याच्याच हलगर्जीनं नुकसान झालं तरच ते पगारातून कापता येतं; आणि त्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम आहे. मला ते माहीत होतं आणि मी गप्प होतो. घराचे हप्ते चालू होते. त्या फोननंतरही मी दोन वर्षं तिथेच होतो.

धंदा म्हटला की बोलणी खावीच लागतात, असं कुणी म्हणेल. गल्लीतला वाणीही पोरावर खेकसतोच. खरं आहे. पण त्याच पोराच्या घरी आजारपण आलं की न मागता उचल देणाराही तोच असतो. साठ दुकानांच्या मालकाला प्रत्येकाचं घर माहीत असणं शक्य नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. माझं म्हणणं एवढंच, की मग त्यानं कुटुंबाचं नाव घेऊ नये. कामाचे तास, जादा तासांचा पैसा, हक्काची रजा, तुटीची चौकशी हे सगळं कागदावर असावं आणि कागदाप्रमाणे व्हावं. प्रेम नको, चोख हिशेब द्या. साप्ताहिक सुट्टीसुद्धा मुंबईच्या गिरणी कामगारांना कुणा मालकाच्या मायेनं मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं झगडून ती १८९० साली मिळवली. केरळला २०१८ मध्ये आणि तामिळनाडूला २०२१ मध्ये दुकानातल्या नोकरांना बसायची सोय असावी म्हणून कायद्यात दुरुस्ती करावी लागली. दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला घटकाभर बसू द्यावं, यासाठी कायदा!

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी अशा नोकरीतून रात्री उशिरा थकून येते, तेव्हा आपण म्हणतो, ‘टिकून राहा, सगळीकडे असंच असतं.’ मलाही माझ्या वडिलांनी हेच सांगितलं होतं, आणि त्यांचा हेतू चांगलाच होता. पण सगळीकडे असंच नसतं. जिथे असतं, तिथे माणूस नुसता सोसत नाही. हळूहळू तोही तसाच बोलायला लागतो. माझं तसं झालं.