म्हातारा म्हणाला होता, एकट्याने जाऊ नकोस



आई रोज फोनवर एकच वाक्य म्हणते, "पोचलीस की मेसेज कर." नोकरीसाठी घराबाहेर पडून मला तीन वर्षं झाली. तरी हे वाक्य सुटलेलं नाही. आणि खरं सांगते, कित्येकदा मी ते अर्धवट ऐकून फोन ठेवलेला आहे. गेल्या आठवड्यात एक जुनी गोष्ट पुन्हा वाचली आणि त्या ठेवलेल्या फोनची आठवण झाली.

गोष्ट आहे अमेरिकन लेखक जॅक लंडन यांची, 'टू बिल्ड अ फायर'. म्हणजे शेकोटी पेटवण्याची गोष्ट. १९०८ साली ती प्रसिद्ध झाली. बीएला असताना मी ती 'माणूस विरुद्ध निसर्ग' एवढं एक वाक्य पाठ करून परीक्षेत उतरवली होती. मार्क मिळाले, गोष्ट मात्र तेव्हा कळली नव्हती.

कॅनडाच्या युकॉन भागात, क्लोंडाइकच्या बर्फात ती घडते. दिवस आहे, पण आकाशात सूर्य नाही. एक माणूस पायी निघालाय. संध्याकाळी सहापर्यंत त्याला मित्रांच्या तळावर पोचायचंय. सोबत फक्त एक हस्की कुत्रा. जेवणाची बिस्किटं गोठू नयेत म्हणून त्याने ती रुमालात गुंडाळून शर्टाच्या आत, अंगाला लावून ठेवलीत. थुंकी जमिनीवर पडायच्या आधी हवेतच तडकते, म्हणजे गारठा आपल्या अंदाजापेक्षा जास्त आहे, हे त्याच्या लक्षात येतं. खरं तापमान असतं शून्याखाली ७५ अंश फॅरनहाइट, आपल्या हिशेबात जवळजवळ उणे ५९ सेल्सिअस! पण त्या आकड्याचा अर्थ काय, याचा विचार तो करत नाही. त्याच्या लेखी थंडी म्हणजे मोजे, हातमोजे आणि कानटोपी. आपण मरूही शकतो, हे त्याच्या मनात येत नाही.

सल्फर क्रीकवरच्या एका म्हाताऱ्याने त्याला आधीच बजावलं होतं की, पारा शून्याखाली ५० च्या पुढे गेला की एकट्याने प्रवास करायचा नाही. हा मनातल्या मनात हसला होता.

पुढे बर्फाखालच्या पाण्यात त्याचा पाय जातो आणि तो गुडघ्याच्या निम्म्या उंचीपर्यंत भिजतो. आता पाय वाळवले नाहीत तर ते गोठणार. तो घाई न करता, अगदी नीट शेकोटी पेटवतो. ज्वाळा उठतात. आणि नेमकं तेव्हाच त्याला वाटतं, ते म्हातारे उगाच बायकांसारखे घाबरट आहेत. बघा, मी एकटाच आहे आणि वाचलोही!

इथे मी वाचता वाचता थांबले. सावध राहायला सांगणाऱ्याला 'बायकी' म्हणून मोडीत काढायची सवय किती जुनी आहे बघा.

शेकोटी त्याने स्प्रूसच्या झाडाखाली पेटवली होती, कारण काटक्या तिथेच हाताशी होत्या. एकेक काटकी ओढताना झाड थोडं थोडं हलत होतं. वरची एक फांदी आपल्यावरचा बर्फ खाली टाकते, तो खालच्या फांद्यांवरचा बर्फ घेऊन कोसळतो आणि शेकोटी गायब. बोटं तोवर इतकी बधिर झालेली असतात की एक काडी धरता येत नाही. मग तो सत्तरच्या सत्तर काड्या एकदम पेटवतो. तळहात जळतात, पण आग काही टिकत नाही. कुत्र्याला मारून त्याच्या उबेत हात घालावे, असंही त्याच्या मनात येतं. पण चाकू धरायलाही बोटं वळत नाहीत. शेवटी बर्फात बसल्या बसल्या तो मनाशी कबूल करतो की म्हाताऱ्याचं बरोबर होतं. मग झोप येते. कुत्रा थोडा वेळ वाट बघतो, मृत्यूचा वास ओळखतो आणि तळाच्या दिशेने निघून जातो.

हे लिहिणाऱ्याने ती थंडी अंगावर घेतलेली होती. सोनं शोधायला १८९७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, लंडन क्लोंडाइकला गेले. तिथल्या हिवाळ्यात त्यांना स्कर्व्ही झाला आणि पुढच्या वर्षी ते परतले. सोनं फारसं मिळालं नाही, गोष्टी मात्र भरपूर मिळाल्या.

आणखी एक गंमत सांगते. याच नावाची गोष्ट त्यांनी १९०२ मध्ये मुलांच्या एका मासिकासाठीही लिहिली होती. त्यात माणसाला टॉम व्हिन्सेंट हे नाव आहे. शेवटी त्याची आग पेटते, तो वाचतो आणि पुन्हा कधी एकटं जायचं नाही हा धडा घेतो. सहा वर्षांनी लंडन यांनी त्याचं नाव काढून घेतलं आणि जीवही.

मुलांना यातली कोणती सांगाल? लहानांना अर्थातच टॉमची. पण घरात बारा-तेरा वर्षांचं मूल असेल, तर दुसरी त्याच्यासोबत बसून वाचा, आणि संपल्यावर लगेच "बघ, मोठ्यांचं ऐकावं" असं म्हणू नका. त्यालाच विचारा, चूक नेमकी कुठे झाली? एकटं निघाला तिथे, की शेकोटी झाडाखाली पेटवली तिथे? माझं उत्तर असं की, शेकोटीची चूक कुणाच्याही हातून होऊ शकते. पण सोबत दुसरा माणूस असता, तर त्याच्या बोटांनी दुसरी शेकोटी पेटली असती. म्हातारा एवढंच सांगत होता. त्याला थंडी माहीत होती, आणि माणसाच्या हातून चुका होतात हेही.

आई हिमालयात कधी गेलेली नाही. पण रात्री उशिरा एकटं घरी येणं म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कालपासून मी पोचले की आधी मेसेज करते आणि मग चपला काढते.

तुमच्या घरातलं असं कोणतं वाक्य आहे, जे तुम्ही आधी हसण्यावारी नेलंत आणि नंतर पटलं? नक्की कळवा. पुढच्या वेळी भेटूया नव्या गोष्टीसह!