यंत्र नाही, म्हणून धूळ नाही

हवेचा निर्देशांक चढला म्हणून फुप्फुसाचे विकार वाढतात, असा थेट संबंध दाखवणारी निर्णायक आकडेवारी देशात नाही, असे पर्यावरण राज्यमंत्री कीर्तीवर्धन सिंह यांनी १८ डिसेंबर २०२५ ला राज्यसभेत सांगितले. श्वसनविकारांना चालना देणाऱ्या घटकांपैकी प्रदूषण हा एक आहे, एवढे औदार्य मात्र त्यांनी दाखवले. दिल्लीकर यावर खवळले, आणि खवळायलाच हवे. पण दिल्लीकरांच्या हातात निदान आकडा तरी आहे. ठिकठिकाणी यंत्रे आहेत, त्यांच्यावरचा लाल रंग सरकारच्या तोंडावर मारता येतो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या माणसाने काय मारायचे? हवेचा रोजचा आकडा सांगणारे एकही केंद्र त्याच्या तालुक्यात नाही. आकडेवारी नाही, हे सरकारी उत्तर त्याच्यापुरते शंभर टक्के खरे आहे आणि नेमका तोच संतापाचा विषय आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे शहरवार पत्रक रोज दुपारी चारचा निर्देशांक देते. त्यात ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, बदलापूर ही नावे दिसतात. शहापूर आणि मुरबाड दिसत नाहीत. कल्याणहून शहापूरचे स्थानक आसनगाव रेल्वेने ३२ किलोमीटर, मुरबाडही रस्त्याने जवळपास तेवढेच. एवढ्या अंतरात हवा शुद्ध होते, असे प्रदूषण मंडळाला कोणी सांगितले? उलट दुपारी खाडीकडून वारा सुटला की कल्याण-भिवंडीची हवा पूर्वेकडे सरकते आणि पुढे सह्याद्री उभा असतो. त्यात तालुक्यातली स्वतःची भर आहेच. आसनगाव आणि मुरबाडचे कारखाने, दगडखाणी आणि खडी क्रशर, फाटक्या ताडपत्रीखाली भुकटी सांडत जाणारे डंपर, मुंबई-नाशिक महामार्गावरची वाहनांची रांग. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा २०२५ च्या ५ जूनला, म्हणजे जागतिक पर्यावरणदिनाचा मुहूर्त साधून, खुला झाला. या रस्त्यासाठी शहापूर तालुक्यातले डोंगर फुटले, सरळांब्यात २०२३ च्या १ ऑगस्टला गर्डर कोसळून २० कामगार गेले. त्या कामाची किती धूळ आजूबाजूच्या पाड्यांवर बसली, हे कोणत्याही कागदावर नाही. यंत्र नव्हते ना!

वीटभट्ट्यांचे तर विचारूच नये. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कच्च्या विटांची रास रचायची, थराथरात तूस आणि कोळसा भरायचा, बाहेरून मातीने लिंपायचे आणि पेटवायचे. मग ती रास दिवसचे दिवस धुमसत राहते. तिला चिमणी नसते. हिवाळ्यात पहाटे हवा गारठून जमिनीलगत बसते, तेव्हा हा धूर वर चढतच नाही. भट्टीशेजारच्या झोपडीत, पोरांच्या पांघरुणात शिरतो. केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये वीटभट्ट्यांसाठी अधिसूचना काढली. चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धुरात घनमीटरला २५० मिलिग्रामपेक्षा जास्त कण नसावेत, भट्टी वस्तीपासून किमान ८०० मीटर लांब असावी, असे ती सांगते. जिथे चिमणीच नाही तिथे चिमणीतला धूर कसा मोजायचा? आणि जिथे कामगारांची वस्ती भट्टीलाच टेकलेली असते, तिथे ८०० मीटर कुठून कुठपर्यंत मोजायचे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र या राज्याला मोजमापाचे भलतेच प्रेम आले होते. इथिओपियात हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला, त्याची राख हजारो किलोमीटर पार करून भारतावर आली आणि उपग्रहांनी तिचा माग तासातासाला काढला. मुंबईची हवा का बिघडली, याचे कारण म्हणून सरकारी वकिलांनी उच्च न्यायालयात त्याच राखेकडे बोट दाखवले. त्याआधीही पाचशे मीटरपलीकडचे दिसत नव्हते, असे सुनावून न्यायालयाने तो बचाव जागीच मोडला, हे बरे झाले. मुद्दा असा, की आफ्रिकेतली राख आम्हाला दिसते आणि आसनगावच्या क्रशरची दिसत नाही. न्यायालयाने नेमलेली समितीही बांधकामे पाहायला फिरली ती मुंबईतच. या सगळ्या धुरळ्यात शहापूर-मुरबाडचे नाव कोणी घेतले असल्यास आमच्या ऐकिवात नाही.

याचे मूळ धोरणात आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला तो शहरांसाठी. देशातली १३० शहरे, त्यातली १९ महाराष्ट्रातली. धुलिकण ४० टक्क्यांनी घटवण्याची त्याची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. पंधराव्या वित्त आयोगाचा हवेसाठीचा पैसा गेला दहा लाखांवरच्या शहरांना. जुलै २०२५ मध्ये कोळशावरच्या वीज प्रकल्पांना धुरातले गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवण्याबाबत जी सवलत दिली, तीही याच फूटपट्टीने. दिल्ली परिसरापासून किंवा दहा लाखांच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असाल तर यंत्रणा सक्तीची, प्रदूषित ठरलेल्या शहरांजवळ असाल तर विचार करू, आणि बाकी सगळ्यांना माफी. म्हणजे फुप्फुसे फक्त महापालिका हद्दीतल्या माणसांना असतात! १९८१ चा हवा कायदा राज्य मंडळाला हवेचा दर्जा तपासायला सांगतो खरा, पण मंडळाला ‘आवश्यक वाटेल’ तेवढ्या कालावधीने. शहापूरबाबत मंडळाला आजवर ते वाटलेले नाही.

मुंबईकरांना हे दूरच्या तालुक्यांचे रडगाणे वाटत असेल तर त्यांनी घरातला नळ आठवावा. तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, वैतरणेवरची धरणे त्यांना लागून आहेत. मुंबईच्या पाण्यात एकट्या भातसाचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे. (ज्यांच्या अंगणातून हे पाणी जाते ते उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, पण तो वेगळा अग्रलेख.) हवेत गेलेले हवेतच राहत नाही. धूळ कोरडीच खाली बसते. गंधक आणि नायट्रोजनचे वायू वाटेत रूप बदलून पावसाबरोबर उतरतात, झाडांवर, भातखाचरांत, तलावांत. स्कँडिनेव्हियाचे तलाव असेच दूरच्या चिमण्यांमुळे आम्ल झाले, मासे मेले, तेव्हा युरोपीय देशांनी १९७९ मध्ये जिनिव्हात करार केला आणि त्याखाली मोजणीची केंद्रे उभारली. कुठे? शहरांपासून लांब, रानात, तलावांकाठी. काय पडते ते पडते तिथेच मोजायचे असते, इतकी साधी गोष्ट त्यांना कळली. आपल्या हवामान खात्याचीही अशी दहा केंद्रे आहेत, त्यात पुणे आणि नागपूर येतात. एवढ्या मोठ्या देशाला दहा. भातसा-तानसावर वर्षाला काय पडते, याचा हिशेब मुंबई महापालिकेने तरी कधी मागितला का? डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला तेव्हा सगळे धावले, कारण तो दिसला. शहापूरची धूळ करडी आहे. पानांवर, आंब्याच्या मोहरावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

यावर सरकारी बाजूचे उत्तर ठरलेले आहे. गावात राब भाजतात, चुली पेटतात, मग क्रशरला दोष का? राब उन्हाळ्यातले काही दिवस भाजतात, आणि चूल पेटते कारण सिलिंडर भरायला पैसे नसतात. पण मानू या की त्यांचाही वाटा आहे. तो किती, हे मोजल्याशिवाय कसे कळणार? खर्चाचे रडगाणेही नको. अखंड चालणाऱ्या यंत्राला कोटभर रुपये लागतात हे खरे. पण राष्ट्रीय योजनेत आठवड्यातून दोनदा, वर्षात १०४ दिवस हाताने नमुने घेण्याची पद्धत १९८० च्या दशकापासून आहे. त्याचे यंत्र पंचायत समितीच्या गच्चीवर मावते. खाली पडणारी धूळ मोजायला तर उघड्या तोंडाचे भांडे आणि महिन्याला एकदा ते नेऊन तपासणारा माणूस पुरतो.

इच्छा नाही, एवढेच खरे. कारण आकडा आला की जबाबदारी येते. टाळेबंदीत वाटेत मेलेल्या मजुरांची माहिती २०२० मध्ये सरकारकडे नव्हती. पुढच्या वर्षी प्राणवायूअभावी मेलेल्यांचा प्रश्न आला, तेव्हा राज्यांनी तशी नोंदच कळवली नाही म्हणून केंद्र मोकळे झाले. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. मोजायचे नाही आणि मग मोजलेले नाही म्हणून नाकारायचे, हा या राज्यकर्त्यांचा सरावाचा डाव झाला आहे. हवा ही त्यातली ताजी खेळी.

तेव्हा मंत्र्यांच्या सद्बुद्धीची वाट पाहण्यात अर्थ नाही. शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडची काही गावेही. तिथे गौण खनिजाचा खाणपट्टा द्यायचा तर ‘पेसा’ कायद्याने ग्रामसभेची शिफारस आधी लागते, आणि दगड हे गौण खनिज आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभांनी ठराव करावा की पंचायत समितीच्या गच्चीवर हवेचे यंत्र, भातसा-तानसाच्या काठी धूळ मोजणारी भांडी आणि त्यांचे आकडे दर महिन्याला गावाच्या फळ्यावर लागेपर्यंत एकाही नव्या दगडखाणीला शिफारस मिळणार नाही.