रंग बघून मासा घेऊ नका



सजीव एकमेकांवर कसे अवलंबून असतात हे शिकवताना मी रॅस कुळातल्या सफाई माशाचे उदाहरण नेहमी देते. मुलांना ते फार आवडते. मग एखादे पालक हमखास विचारतात, "मॅडम, तो निळा मासा दुकानात मिळतो म्हणे. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवू का?" माझं उत्तर ठाम आहे. तो घेऊ नका. रॅसमधले दुसरे काही मासे पाळता येतात, पण त्यांच्या सवयी आधी माहीत हव्यात.

सफाई मासा बोटाएवढा असतो, डोक्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा. प्रवाळावर त्याची ठरलेली जागा असते. मोठे मासे तिथे येतात, तोंड उघडून, कल्ले पसरून उभे राहतात आणि हा त्यांच्या अंगावरचे परजीवी टिपून खातो. न्हाव्याच्या दुकानात जसे नंबर लागतात तसेच! ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असा एक मासा दिवसाला सुमारे १२०० परजीवी खातो असे आढळले. आता घरच्या टाकीत चार-पाच मासे. रोज एवढे परजीवी आणायचे कुठून? बरेच सफाई मासे दुकानातलं कोरडं खाद्य तोंडातही घेत नाहीत आणि काही आठवड्यांत खंगून मरतात. "टाकीतले मासे निरोगी ठेवतो" असं सांगून विकलेला मासा उपासमारीने जातो, हे मला पटत नाही. शिवाय जिथून तो उचलला, तिथले बाकीचे मासे परजीवींसकट तसेच राहतात. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी याच माशाला आरशात स्वतःला ओळखल्यासारखं वागताना पाहिलं. मुलांना हे जरूर सांगा.

मग काय पाळावं? पिवळा रॅस त्यातल्या त्यात बरा. पण तो रात्री वाळूत शिरून झोपतो, म्हणून तळाला दोन-तीन इंच बारीक वाळू हवीच. नवा आणल्यावर कधी कधी दोन-चार दिवस वर येतच नाही. मेला समजून वाळू उकरू नका! फेअरी रॅस रंगाने सुंदर, पण घाबरला की उडी मारतो. टाकीवर बारीक जाळी नसेल तर सकाळी तो फरशीवर सापडतो. सहा रेघांचा रॅस छोटा असला तरी भांडकुदळ, नंतर आलेल्यांना छळतो. म्हणून तो सगळ्यांत शेवटी सोडावा.

आणखी एक गंमत आहे, बरं का. रॅसच्या अनेक जातींत गटातला मोठा नर गेला की सर्वांत मोठी मादी नर होते आणि तिचे रंगही बदलतात. दुकानात ज्या रंगाला आपण भुलतो तो बहुधा नराचाच. माद्यांशिवाय एकटा ठेवला तर पुढे तो फिका पडू शकतो.

हे मासे बहुतेक समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. त्यामुळे एक मेला तर दुसरा आणू, हा हिशोब इथे नको. प्रवाळाचंही तसंच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या समुद्रातल्या प्रवाळांना संरक्षण दिलेलं आहे. मालवणला फिरायला गेलात तर ते बघून या, तोडून आणू नका.

लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार मोजून, पाण्यावर रोज नजर ठेवायला ज्यांना वेळ आहे, त्यांनी दोन-अडीचशे लिटरची टाकी जरूर करावी. बाकीच्यांनी गोड्या पाण्यातले गप्पी ठेवावेत. महिनाभरात पिल्लं होतात आणि मुलं ती मोजत बसतात.