मोबाईलमधला हिशेब आणि दर्यावरचा हिशेब



बंदी संपायला आता थोडेच दिवस उरलेत. 1 ऑगस्टला होड्या पुन्हा पाण्यात जाणार. जेटीवर जाळ्यांची दुरुस्ती आणि इंजिनाची कामं चालली आहेत. अशा वेळी हिशेबाबद्दल लिहितोय, म्हणून काहीजण म्हणतील सेक्रेटरीला दुसरं काम नाही. पण वाचा.

गेल्या मोसमात आम्ही संस्थेतर्फे सभासदांना सांगितलं होतं की होडीचा आणि घरचा खर्च मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये लिहा. काहींनी मनावर घेतलं. त्यातल्या निम्म्यांनी दिवाळीपर्यंत सोडूनही दिलं. का सोडलं ते आम्ही विचारलं, आणि त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही.

ही अ‍ॅपं महिन्याला पगार घेणाऱ्या माणसासाठी बनवलेली असतात. त्यात खर्चाचे रकाने कोणते? किराणा, सिनेमा, हॉटेल, जिम. बर्फाला रकाना नाही, जाळ्याला नाही, खलाशांच्या वाट्याला नाही. बर्फवाल्याला फोनवरून पैसे पाठवले तर अ‍ॅप म्हणतं मित्राला दिले. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात आपलेच पैसे टाकले तर एकीकडे खर्च आणि दुसरीकडे कमाई दाखवतं. लिलावात रोख मिळालेले पैसे तर त्याला दिसतच नाहीत. आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे उचल. आमच्या एका सभासदाने मोसमाच्या सुरुवातीला दलालाकडून 50,000 रुपये उचल घेतली, ती बँकेत जमा झाली. अ‍ॅपने लगेच कळवलं, अभिनंदन, या महिन्यात तुमची कमाई वाढली! अरे, ती कमाई नव्हे, ते डोक्यावरचं कर्ज!

जून-जुलैत तर अ‍ॅप रोज लाल आकडे दाखवतं. कमाई शून्य, खर्च चालूच. त्याला बंदी कुठे माहीत?

एवढं सगळं असूनही आमचं मत आहे की लिहायचं सोडू नका. कारण सांगतो.

आपण हिशेब लिहिला नाही म्हणजे हिशेब नसतो असं नाही. तो दुसऱ्याच्या वहीत असतो. दलालाच्या वहीत उचल लिहिलेली, डिझेलवाल्याकडे उधारी लिहिलेली, बर्फवाल्याकडे पेट्यांचा आकडा लिहिलेला. मोसम संपला की तीन वह्या आपल्यासमोर येतात आणि आपल्या हातात काहीच नसतं. मग ते सांगतील तो आकडा खरा. ते फसवतात असं आम्ही म्हणत नाही. पण चूक झाली तरी ती दाखवायला आपल्याकडे कागद नाही. खलाशांच्या वाट्यावरून भांडणं होतात तीही यामुळेच. मालक म्हणतो डिझेल जास्त लागलं, खलाशी म्हणतो कमी. लिहिलेलं कुणाकडेच नाही.

बँकेतही तेच. 2018-19 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही लागू करण्याची घोषणा झाली. पण बँकेत गेलं की विचारतात उत्पन्न किती, खर्च किती. तेव्हा "बरं चालतं साहेब" हे उत्तर चालत नाही.

मग अ‍ॅप वापरायचं कसं? आमच्या अनुभवातून चार गोष्टी.

पहिली, होडीचा हिशेब वेगळा आणि घरचा वेगळा ठेवा. समजा एका फेरीची विक्री 60,000. त्यातून डिझेल 18,000, बर्फ 4,000, रेशन 3,000 वजा केले की उरले 35,000. त्यातून खलाशांचा वाटा गेल्यावर जे उरतं ते होडीचं. घराला त्यातला भाग मिळतो. अ‍ॅपमध्ये 60,000 बघून घरात खर्च केला तर बुडालाच म्हणून समजा.

दुसरी, रकाने आपले आपण बनवा. डिझेल, बर्फ, रेशन, जाळी, इंजिन, वाटा. आणि उचलीचा रकाना कर्जात ठेवा, कमाईत नको.

तिसरी, दहा महिन्यांच्या कमाईवर बारा महिने काढायचे आहेत हे ऑगस्टमध्येच धरा. घरखर्च महिन्याला 25,000 असेल तर बंदीचे दोन महिने म्हणजे 50,000. दहा महिने दरमहा 5,000 बाजूला काढले तर जूनमध्ये शाळेची फी भरायला दलालाच्या दारात जावं लागणार नाही. जाळी आणि इंजिनाचा खर्च 1,50,000 धरला तर त्याचे आणखी 15,000. मासळी पडली नाही तेव्हा हे जमणार नाही, आम्हाला माहीत आहे. मग चांगल्या महिन्यात जास्त काढा. चतुर्थी मात्र आधीच धरून चला.

चौथी, वही फेकू नका. दर्यावर नेटवर्क नसतं, फोन भिजतो. तांडेलाने फेरीत वहीतच लिहावं, किनाऱ्यावर आल्यावर फोनमध्ये घालावं. आणि अ‍ॅप कायम राहील असं समजू नका. अमेरिकेत मिंट नावाचं हिशेबाचं अ‍ॅप कितीतरी वर्षं लोकांनी वापरलं, ते मार्च 2024 मध्ये बंद झालं. म्हणून दर महिन्याचा हिशेब कागदावर काढून ठेवा. अ‍ॅप तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागत असेल तर नाही म्हणा, आकडे हाताने घाला. पिन आणि ओटीपी कुणालाही देऊ नका, आम्हालासुद्धा.

आणखी एक. ज्या घरांत हे टिकलं, तिथे बहुतेक ठिकाणी लिहिणारी घरची बाई होती. बाजारात मासळी विकून संध्याकाळी पै-पैचा हिशेब तोंडपाठ सांगणाऱ्या त्याच. त्यांना होडीचे आकडे दाखवायला काही मालकांना कमीपणा वाटतो. तो सोडा. घर त्याच चालवतात.

पहिल्या फेरीच्या आधी फोन आणि जुनी वही घेऊन ऑफिसात या. रकाने बनवून द्यायला आम्ही बसतो. अ‍ॅप नकोच असेल तर नुसती वही आणा, तीही चालेल. पण या मोसमात आपला आकडा आपल्या हाताने लिहिलेला असू दे.

दर्या सगळ्यांना सुखरूप ठेवो.

आपला,
सचिव